जून पानातली काळी पट्टी

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या आंब्याला तांबूस पालवी फुटली, तेव्हा या वर्षी तिच्यातून येणारा उजेड उलगडून पाहायचं ठरवलं. राष्ट्रीय उद्यानातला लालबुंद कोशिंब जास्त खुणावत होता, पण तिथलं पान तोडायचं नसतं.

बुटांच्या खोक्याला एकीकडे दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे केसभर फट ठेवून चिकटवले. दुसरीकडे जुन्या डीव्हीडीचा, चंदेरी थर सोललेला तुकडा. तिच्यावर मिलिमीटरभर जागेत साधारण 1,350 खाचा असतात. त्या रंग वेगळे करतात. पहिल्या दिवशी एलईडी दिवा लावला आणि फसलो. त्यात गडद तांबडा उजेड जेमतेम असतो, आणि पानाचं वय नेमकं तिथंच कळतं. मग माळ्यावरून तारेचा जुना बल्ब काढला.

जून पान फटीपुढे धरलं. निळा गेलाच. हिरवा मंद उरला, आणि तांबड्यात एक काळी पट्टी उभी राहिली, तिच्या पलीकडे पुन्हा गडद तांबडी कडा. 660 ते 680 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड हरितद्रव्य गिळतं, त्याची ती जागा. मी आईला हाक मारली. तिनं आधी पानच चाचपलं. "जून आहे, राठ लागतंय," म्हणाली, आणि मग खोक्याला डोळा लावून बराच वेळ गप्प राहिली.

कोवळ्या पानात हिरवा दबलेला, तांबडा बराचसा शाबूत. त्याला तांबूस करणारं अँथोसायनिन हिरवा उजेड शोषतं. हरितद्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं. पिकल्या पानात हिरव्यापासून तांबड्यापर्यंत सलग उजेड, पट्टी पुसलेली. हरितद्रव्य मोडून पिवळी कॅरोटिनॉइडं मागे राहिलेली.

पानात हरितद्रव्य वाढतं तशी काळ्या पट्टीपलीकडची, तांबड्याकडून अवरक्ताकडे चढणारी कडा लांब तरंगांकडे सरकते. तिला 'रेड एज' म्हणतात. सेंटिनेल-2 उपग्रहांवर (त्यांतला पहिला 2015 साली उडाला) तिच्यासाठी 705, 740 आणि 783 नॅनोमीटरचे वेगळे पट्टे आहेत. माझ्या खोक्याला इतकं बारीक मोजता येत नाही.

शेवटी एकाच फांदीची दोन पानं घेतली. रंग दोन्हींचा मला सारखाच हिरवा वाटत होता. वरच्या पानाची पट्टी धाग्याएवढी, कडा धूसर. खालच्याची दुप्पट रुंद आणि पार काळी.