पोथी, फळी आणि सांगणारा

वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदला आणि तिथून पुढे मढे घाटाकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात पुण्याच्या गाड्यांनी भरून जातो. गाड्या धबधब्यापाशी थांबतात, तोरण्याचा फोटो घ्यायला थांबतात. वाटेवरच्या देवळांशी थांबणारे थोडेच. भोर-वेल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यात जुन्या देवळांच्या आवारात, कुठे पाराच्या कडेला, कुठे मातीत निम्मे गाडले गेलेले वीरगळ सापडतात. त्यांना दार नाही, तिकीट नाही, पाहण्याची ठरलेली वेळ नाही. इथल्या कलेचं सगळ्यात जुनं संग्रहालय म्हणायचं तर तेच.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत बहुधा वीर आडवा पडलेला असतो. गाईंसाठी मेला असेल तर शेजारी गाई कोरलेल्या. त्याच्या वर लढाई: ढाल, तलवार, कधी घोडा. आणखी वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या आणि शेवटच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. शेजारी सतीशिळा असेल तर तिच्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. कर्नाटकात अशा कितीतरी दगडांवर लेख असतो. महाराष्ट्रात बहुतेक दगडांवर एक अक्षरही नाही. म्हणून कोण लढला, कुणाशी आणि कोणत्या गावासाठी, हे आज गावातल्या जाणत्यालाही सांगता येत नाही. चित्र शाबूत आहे, गोष्ट गेली. कधीकाळी ती सांगणारं कुणीतरी नक्कीच असलं पाहिजे.

चित्र आणि ते सांगणारा माणूस, दोघंही एका छपराखाली अजून भेटतात ती जागा घाट उतरून बरीच दक्षिणेला, सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात गुढीपूर नावाच्या वाडीवर ठाकर समाजाची वस्ती आहे. तिथे परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली घरच्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं. गोठा म्हटल्यावर जेवढी जागा डोळ्यांपुढे येते तेवढ्यात. पण या छोट्याशा जागेत जे ठेवलं आहे त्याच्या तोडीचं एकत्र पाहायला मोठ्या शहरांतही सहज मिळत नाही: चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि त्यांच्याबरोबर वाजणारी वाद्यं.

चित्रकथीची पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे. हातभर लांबीचे सुटे कागद, प्रत्येकावर एक प्रसंग. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, म्हणजे पान जाड होतं आणि दोन्ही बाजूंनी कामाला येतं. अशा पानांचा एक गठ्ठा म्हणजे एक आख्यान. काही पोथ्या रामायणाच्या, काही महाभारताच्या, काही नंदिपुराणासारख्या. त्यांतली रामकथा पंडितांच्या ग्रंथांतली जशीच्या तशी नसते. मुक्कामाच्या गावांनी, ऐकणाऱ्यांनी आणि सांगणाऱ्यांच्या पिढ्यांनी तिला आपलं वळण दिलेलं असतं.

एक पान नीट निरखून पाहावं. माणसं बहुतेक एका बाजूनेच दिसतात, चामड्याच्या बाहुलीत दिसतात तशी. चेहरा बाजूचा, पण डोळा मात्र मोठा, लांबट, पूर्ण उघडा. काळ्या रेघेत चेहऱ्याची कड बांधून घेतलेली, तिच्या आत तांबडा, पिवळा, हिरवा, निळा असे सपाट रंग, आणि मुकुटावर, बाजूबंदावर, शेल्याच्या काठावर पांढरे ठिपके. मागे डोंगर नाही, आभाळ नाही. झाड आलं तर ते कथेत लागतं म्हणूनच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही मोकळी जागा अपुरी वाटते. खेळ पाहिला की तिचं कारण कळतं. हे चित्र रात्री, समईच्या किंवा कंदिलाच्या उजेडात, देवळाच्या सभामंडपात मागच्या रांगेतल्या म्हातारीला दिसायचं होतं. त्या उजेडात डोळा, हात आणि शस्त्र एवढंच दुरून लागतं, आणि चित्रकाराने जोर तिथेच दिला आहे. उरलेलं आभाळ आणि अरण्य सांगणाऱ्याच्या आवाजातून यायचं असतं.

खेळाला माणसं दोन-तीनच लागतात. सांगणारा खाली बसतो, पुढ्यात उभ्या फळीला पोथी टेकवतो आणि एकेक पान पुढे करतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. हुडूक मधे बारीक असतो, दोन्ही तोंडांवर कातडं, आणि मधल्या दोऱ्यांवर हाताचा दाब कमी-जास्त केला की त्याचा आवाज चढतो, उतरतो, कण्हल्यासारखाही येतो. युद्धाच्या पानावर तो वेगळा बोलतो, सीतेच्या शोकाच्या पानावर वेगळा. गाणं, मग गद्य, मग पात्रांचे संवाद, पुन्हा गाणं. पान कधी उलटायचं हे कुठे लिहिलेलं नाही. समोरचे रंगले असतील तर एकाच पानावर कथा लांबते. चुळबुळ सुरू झाली की दोन पानं भरभर जातात. पोथी वाचता येणं आणि पोथी सांगता येणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर वर्षानुवर्षं बापाशेजारी बसूनच तुटतं.

ही कला आजची नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख येतो. पुढे कोकणात सावंतवाडी संस्थानाने ठाकरांना आश्रय दिला. कोणत्या घराण्याने कोणत्या गावच्या देवळात कथा करायची हे ठरलेलं असे, आणि नवरात्रासारख्या उत्सवात तो मान चालवला जाई. हा मान म्हणजे पोटाची सोयही होती. संस्थानं विलीन झाली, सिनेमा आला, मग घराघरांत टीव्ही आला, आणि देवळातल्या रात्री सुन्या पडल्या. सत्तरच्या दशकात दिग्दर्शक मणी कौल यांनी ‘चित्रकथी’ नावाचा माहितीपट केला. बाहेरच्या जगाची नजर तेव्हा इकडे वळू लागली होती. गावात मात्र श्रोता आटत चालला होता.

याच जातीची चित्रं पुण्यातही आहेत. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची पानं जपलेली आहेत. अभ्यासकांनी त्यातल्या कितीतरी चित्रांना ‘पैठण शैली’ म्हटलं, कारण गोदाकाठीही ही परंपरा नांदत होती. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या नसत्या तर यातलं बरंचसं रद्दीत गेलं असतं. त्यांचे उपकार मोठे आहेत. तरीही काचेआडच्या पानाची अवस्था पासलीकडच्या वीरगळासारखीच होते. ते दिसतं, देखणं असतं, पण पुढचं पान कोणतं आणि या प्रसंगी गायचं काय, ते त्याच्यापाशी नसतं. पिंगुळीच्या गोठ्यात पान काचेबाहेर येतं, हातात धरलं जातं आणि फळीला टेकतं. या संग्रहालयाचं मोल त्यात आहे.

गंगावण्यांनी हे उभं करताना जपणुकीची आपल्याच समाजाची जुनी रीतही बदलली. पोथी ही देवासारखी. जीर्ण झाली, फाटली की तिचं पाण्यात विसर्जन करायचं, अशी रीत होती. त्यामागे श्रद्धा होती आणि एक विश्वासही होता, की घरात नवी पोथी काढणारा हात आहे. तो हात प्रत्येक घरात उरला नाही, तेव्हा जुनी पोथी ठेवणं भाग पडलं. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पोथी पुजली त्याच घराने तिला संग्रहात ठेवण्याचा निर्णय घेणं सोपं नसतं. सरकारने नेमलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने हेच केलं असतं तर समाजाला ते लुटल्यासारखं वाटलं असतं. २०२१ साली भारत सरकारने परशुराम गंगावणे यांना पद्मश्री दिली. देशाने मान दिला तो एका माणसाला, पण त्यात आख्ख्या वाडीचं काम आहे.

बाहुल्यांबद्दल थोडं. कळसूत्री बाहुल्या हलक्या लाकडाच्या, रंगवलेल्या, अंगावर कापडाचा पोशाख, आणि दोऱ्यांवर नाचणाऱ्या. चामड्याच्या बाहुल्या पांढऱ्या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात खेळतात आणि त्यांची सावली पुढे पडते. त्यांच्या अंगावर बारीक भोकं पाडलेली असतात. त्यांतून उजेड झिरपला की सावलीच्या अंगावर दागिने उमटतात. शाळेतली मुलं आली की पहिली गर्दी इथेच होते. मोठ्यांनी तसं करू नये. बाहुल्या बघाव्यातच, पण पोथीसाठी वेळ राखून ठेवावा.

संग्रहालय चालवणाऱ्या नव्या पिढीपुढे प्रश्न रोकडा आहे. सुटं चित्र विकलं जातं. ते चौकटीत बसतं, भिंतीवर टांगता येतं, प्रदर्शनात नेता येतं. पूर्ण आख्यान कोण विकत घेणार? वारली चित्रांचं जे झालं ते डोळ्यांपुढे आहे: ती साडीवर आली, कपबशीवर आली, जगभर गेली, आणि लग्नाच्या चौकाशी असलेलं त्यांचं नातं बहुतेक खरेदीदारांना ठाऊकही नाही. चित्रकथीचंही तसं होऊ शकतं. चित्रं टिकतील, गळा टिकणार नाही. तो गळा टिकवायचा तर ऐकणारे हवेत, आणि त्यांनी बिदागी द्यायला हवी. तंजावरपासून बंगालपर्यंत गाऊन-सांगून जगणाऱ्या सगळ्या कलांचं गणित हेच आहे. बंगालचे पटुआ आणि राजस्थानातले फड वाचणारे भोपे आजही याच प्रश्नाशी झुंजत आहेत.

जायचं तर कोकण रेल्वेने कुडाळला उतरावं. पिंगुळी तिथून अगदी जवळ आहे आणि गुढीपूर कुणीही दाखवतं. नुसतं आत डोकावून, दोन फोटो काढून गोव्याची वाट धरू नये. आधी कळवून, दहा-पंधरा माणसं जमवून एखादं आख्यान लावायला सांगावं, मुलांना पुढे बसवावं, बिदागीची घासाघीस करू नये. आणि कथा कळली नाही तर मधेच विचारावं. सांगणाऱ्याला ते आवडतं. तो मागचं पान पुन्हा फळीला लावतो आणि राहिलेलं सांगतो.