तळ्याला कुंपण, लेकराला कवच

पोहण्याचा तलाव म्हटला की मोठ्या शहरातला बंगला डोळ्यांसमोर येतो. नंदुरबार जिल्ह्यात मात्र खासगी मालकीचे खोल पाणी दिसते ते शेतात. 2016 साली आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतले सर्वांत मोठे तळे 30 मीटर लांब, तेवढेच रुंद आणि 3 मीटर खोल. उन्हाळ्यात पपई-केळीच्या बागा जगवायला त्याचाच आधार. पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिकचा कागद अंथरतात. तो ओला होऊन शेवाळला की उतारावर पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ गाठून वर चढता येत नाही. अशा पाण्याचा विमा म्हणजे नेमका कशाचा विमा, हा प्रश्न म्हणूनच इथे महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत घरविम्यातच सहसा मालकाच्या जबाबदारीचे कलम असते. शेजारचे मूल तलावात पडले तर भरपाईचा भार विमा कंपनी मर्यादेपर्यंत उचलते आणि त्यासाठी बहुतेक वेळा कुंपणाची अट घालते. आपल्याकडे एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते. आग, पूर, भूकंप यांत घराचे आणि सामानाचे झालेले नुकसान ती भरून देते; दुसऱ्याचे मूल बुडाल्यास मालकावर येणारी जबाबदारी तिच्या मूळ संरक्षणात नाही. म्हणजे भिंतीला कवच आहे, माणसाला नाही.

माणसासाठी दोन योजना आहेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत बुडून मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. पण ते 10 ते 75 वयाच्या खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला लागू. वर्षाला 20 रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला 18 वर्षे पूर्ण लागतात. आता तळ्याकाठी खेळणारे पाच वर्षांचे पोर डोळ्यांसमोर आणा. आई-बाप मजुरीला आलेले, नावावर गुंठाभर जमीन नाही. सर्वांत जास्त धोका त्यालाच, आणि दोन्ही योजनांत त्याला जागा नाही. शेततळ्याच्या अनुदानासोबतच, तिथे बुडणाऱ्या कोणत्याही व्यक्तीसाठी सरकारने सामूहिक विमा उतरवला पाहिजे. वयाची आणि सातबाऱ्याची अट त्यात नसावी.

भरपाई मिळणार म्हटल्यावर मालक बेफिकीर होतील, अशी शंका कुणी घेईल. तिचे उत्तर अटीत आहे: कुंपण झाल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये. कुंपणाचा खर्च छोट्या शेतकऱ्याला झेपणार नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून तो खर्च अनुदानातच धरावा. पैशाने गेलेले लेकरू परत येत नाही, हेही खरेच. पण उरलेल्या घराला कर्जाच्या दारात उभे राहावे लागू नये, एवढे तरी पैशाने साधते.

सरकारी निर्णयाची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. गाठी मारलेले जाड दोर चारही बाजूंच्या काठावरच्या खुंटांना बांधून पाण्यात सोडा, हवा भरलेली जुनी ट्यूब तरंगत ठेवा, भोवती जाळी लावा. तळ्याच्या विम्याचा पहिला हप्ता हाच आहे. तो आजच भरा.