प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या सीमेवर

वसईतल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या डिसोझा कुटुंबातल्या माणसानं ऑनलाइन अर्जात आपलं आडनाव इंग्रजीत, ‘डी’नंतरच्या ॲपॉस्ट्रॉफीसह लिहिलं, की ढिसाळ लिहिलेला प्रोग्राम तिथेच कोलमडतो. दुसऱ्या कुणी आपलं नाव देवनागरीत भरावं, तर छापून येणाऱ्या पावतीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. अशा वेळी ‘सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ही दोन्ही दुखणी सीमेवरची आहेत. जिथे प्रोग्राम संपतो आणि डेटाबेस सुरू होतो त्या जागेवर ड्रायव्हर नावाचा कोड काम करत असतो. आपलं तिकीट, वीजबिल, बँकेचं पासबुक या सगळ्याची माहिती त्याच्यामधून ये-जा करते.

प्रोग्राम जावा, पायथन किंवा सी-शार्पमध्ये लिहिलेला असतो. डेटाबेस हा वेगळाच प्रोग्राम, बहुधा वेगळ्या यंत्रावर चालणारा. दोघांमध्ये असते फक्त नेटवर्कची वायर, आणि वायरीवरून जातात ते निव्वळ बाइट. प्रोग्रामची मागणी बाइटमध्ये मांडायची, परत आलेल्या बाइटमधून आकडे, तारखा आणि नावं पुन्हा उभी करायची, हे काम ड्रायव्हर करतो. तो प्रोग्रामच्याच पोटात लायब्ररी म्हणून राहतो.

ही व्यवस्था कशी घडली ते आधी पाहू. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीचा, निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा ते आयबीएममध्ये होते. तिथेच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये डेटाबेसला प्रश्न विचारण्याची जी भाषा मांडली ती आजची एसक्यूएल. १९८६ मध्ये ती अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण ठरली. पण भाषा प्रमाण झाली म्हणून जोडणी प्रमाण झाली नाही. प्रत्येक कंपनीची लायब्ररी वेगळी, फंक्शनांची नावं वेगळी. सी किंवा कोबोलच्या कोडमध्ये एसक्यूएलची वाक्यं पेरायची आणि त्या कंपनीच्या प्रीकम्पायलरमधून कोड काढायचा, अशी पद्धत होती. डेटाबेस बदलायचा म्हटलं की प्रोग्रामचा मोठा भाग नव्यानं लिहावा लागे. ग्राहक एका कंपनीच्या दावणीला बांधला जाई.

ही दावण सोडवण्यासाठी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या १९८९ मध्ये ‘एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप’ म्हणून एकत्र आल्या. त्या कामाच्या आधारावर मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर १९९२ मध्ये ओडीबीसी या जोडणीच्या कराराची पहिली आवृत्ती आणली. प्रोग्रामनं ठरलेल्या नावांच्या फंक्शनांना हाक मारायची, मधला ‘ड्रायव्हर मॅनेजर’ योग्य तो ड्रायव्हर शोधून ती हाक त्याच्याकडे देणार, आणि डेटाबेस बदलला तर फक्त ड्रायव्हर बदलायचा. एक्सेलच्या तक्त्यात थेट डेटाबेसमधली माहिती ओढता येऊ लागली ती याच वाटेनं. पर्ल भाषेसाठी टिम बन्स यांनी १९९४ मध्ये डीबीआय सुरू केलं. सन कंपनीनं फेब्रुवारी १९९७ मध्ये जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर जेडीबीसी दिलं. पायथनचा आजही चालणारा करार १९९९ चा आहे. माझ्या मते संगणकक्षेत्रातल्या सगळ्यात उपयोगी समझोत्यांमध्ये ओडीबीसी आणि जेडीबीसी यांची गणना व्हायला हवी, कारण डेटाबेस निवडण्याचं स्वातंत्र्य ग्राहकाकडे परत आलं ते त्यांच्यामुळे.

आता प्रत्यक्ष वायरीवर काय घडतं ते पाहू. उदाहरण पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचं घेतो, कारण त्याचा सगळा संवाद मॅन्युअलमध्ये अक्षरन् अक्षर लिहिलेला आहे. ड्रायव्हर आधी सर्व्हरच्या ५४३२ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी उघडतो. संवाद कूटबद्ध करायचा असेल तर तसं विचारतो. सर्व्हर एकाच बाइटमध्ये उत्तर देतो: ‘एस’ म्हणजे चालेल, ‘एन’ म्हणजे नाही. मग ड्रायव्हर युजरचं आणि डेटाबेसचं नाव कळवतो. पुढे ओळख पटवायची. २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून इथे ‘स्क्रॅम’ नावाची पद्धत मिळते. तिच्यात पासवर्ड वायरीवरून जातच नाही. दोन्ही बाजू गणित करतात आणि पासवर्ड आपल्याला ठाऊक असल्याचं एकमेकींना सिद्ध करून दाखवतात. ओळख पटली की सर्व्हर ‘झेड’ अक्षराचा संदेश धाडतो: मी तयार आहे. त्यानंतर प्रश्न जातो, आणि उत्तरात आधी रकान्यांचं वर्णन, मग एकेक ओळ, शेवटी काम पूर्ण झाल्याची खूण येते. हा संवाद २००३ मध्ये ठरला आणि त्याची पुढची आवृत्ती निघाली ती थेट २०२५ मध्ये. मधल्या काळात डेटाबेसच्या आत किती उलथापालथ झाली, पण ड्रायव्हरशी बोलण्याची रीत टिकली.

ॲपॉस्ट्रॉफीचं दुखणं इथेच समजतं. एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. प्रोग्रामरनं आडनाव नुसतं वाक्यात चिकटवलं, तर आडनावातलं चिन्ह मजकूर संपवून टाकतं आणि उरलेली अक्षरं आज्ञा म्हणून वाचली जातात. प्रामाणिक माणसाच्या बाबतीत एवढ्यानं फक्त चूक दाखवली जाते. दुष्ट माणूस मात्र नावाच्या रकान्यात मुद्दाम आज्ञाच लिहितो आणि सगळा तक्ता पळवतो किंवा पुसतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात हा प्रकार जाहीरपणे मांडला गेला, आणि तरी तो अजून संपलेला नाही. उपाय ड्रायव्हरमध्येच आहे. वाक्याचा साचा जागा रिकाम्या ठेवून आधी पाठवायचा आणि त्या जागांत भरायची मूल्यं वेगळ्या संदेशातून पाठवायची. छापील अर्जावर नावाच्या रकान्यात कुणी ‘हा अर्ज मंजूर करा’ असं लिहिलं, तरी ते नावच ठरतं, तसंच हे. ही सोय हाताशी असताना तुकडे जोडून वाक्य बनवणं हा सरळ हलगर्जीपणा आहे.

प्रश्नचिन्हांचं मूळ वेगळं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी यांचीही वेगळी मोजणी होते, म्हणून ‘मराठी’ या शब्दाला १५ बाइट लागतात. जोडणी करताना ड्रायव्हर आणि सर्व्हर कोणता अक्षरसंच वापरायचा ते ठरवतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आठव्या आवृत्तीच्या आधी काहीच न सांगितल्यास ‘लॅटिन-१’ गृहीत धरलं जाई, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. ज्या अक्षराला जागा नाही त्याच्या बदली प्रश्नचिन्ह ठेवलं जातं. ते एकदा साठवलं गेलं की मूळ नाव कायमचं गेलं; कोणताही तज्ज्ञ ते परत आणू शकत नाही. त्याच डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाचा जो जुना संच होता तो ३ बाइटपर्यंतच चाले. मराठी मजकूर त्यात जेमतेम बसे, पण शेवटी हात जोडलेली इमोजी आली की अडे, कारण तिला ४ बाइट लागतात. चार बाइटचा संच २०१० मध्ये आला.

रूपांतराचे असे आणखी खड्डे आहेत. डेटाबेसमध्ये ‘माहिती नाही’ यासाठी ‘नल’ असतं. जेडीबीसीमध्ये असा रकाना साधा पूर्णांक म्हणून वाचला तर ० मिळतो. मूल्य खरोखर शून्य होतं की नव्हतंच, हे वेगळ्या फंक्शननं विचारावं लागतं. परीक्षेला गैरहजर राहिलेल्या मुलाला शून्य गुण देणं आणि त्याचे गुणच नसणं यात केवढा फरक आहे!

वेगाचा हिशेबही इथेच लागतो. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी सर्व्हरवर स्वतंत्र प्रोसेस उभी करतं आणि मुळात १०० जोडण्यांचीच मर्यादा घालतं. म्हणून प्रोग्राम जोडण्यांचा ‘पूल’ राखतात: काम झालं की जोडणी बंद न करता पुढच्याला द्यायची. ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर काही न सांगता एका फेरीत १० ओळी आणतो. हजार ओळींना शंभर फेऱ्या. सर्व्हर परदेशात असेल आणि एका फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर २० सेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. पोस्टग्रेएसक्यूएलचा ड्रायव्हर उलट करतो, सगळं उत्तर एकदम मेमरीत ओततो, आणि तक्ता मोठा असेल तर प्रोग्राम गुदमरतो. दोन्ही ठिकाणी एका फेरीत किती ओळी आणायच्या तो आकडा बदलून काम भागतं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यासाठी ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की करण्याची सोय, बंद ठेवावं लागतं. ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे.

सगळ्यात अवघड क्षण कमिटचा. एका खात्यातून रक्कम वजा झाली, दुसऱ्यात जमा झाली, प्रोग्रामनं ‘पक्कं करा’ असं सांगितलं आणि त्याच क्षणी नेटवर्क तुटलं. आज्ञा पोचण्याआधी तुटलं की पोचून काम झाल्यावर, उत्तर येताना तुटलं? ड्रायव्हरला दोन्ही सारखंच दिसतं. तो फक्त जोडणी गेल्याची चूक कळवू शकतो. इथे डोळे मिटून पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्राम एकाच माणसाचे पैसे दोनदा कापू शकतो. म्हणून प्रत्येक व्यवहाराला आधीच एकमेव क्रमांक द्यावा लागतो. तोच क्रमांक पुन्हा आला की पोस्टग्रेएसक्यूएल ‘२३५०५’ ही ठरलेली चूक परत करतं, म्हणजे ही नोंद आधीच झालेली आहे. हे शहाणपण ड्रायव्हरमध्ये आपोआप येत नाही, प्रोग्रामरला ते आणावं लागतं.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे की प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर एक छोटा ड्रायव्हर स्वतः लिहा. आपल्याच लॅपटॉपवर पोस्टग्रेएसक्यूएल बसवा, पासवर्डशिवाय आत येऊ देणारी स्थानिक सेटिंग ठेवा, सॉकेट उघडा आणि पहिल्या संदेशात संवादाच्या तिसऱ्या आवृत्तीचा आकडा, १९६६०८, पाठवा. ‘झेड’ येईपर्यंत वाचत राहा, मग एक साधा प्रश्न विचारा. लागणारी सगळी माहिती मॅन्युअलच्या एका प्रकरणात आहे आणि ती फुकट वाचायला मिळते.