इस्पितळातील सही कोणाची?

बँकेत खाते उघडताना आम्ही नॉमिनीचे नाव विचारतो. तो नातेवाईकच असावा असे बंधन नाही. परंतु बँकेतला नॉमिनी इस्पितळात चालत नाही. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना हा फरक ऐनवेळी कळतो. वीस वर्षे एका चुलीवर जेवलेला जोडीदार बाहेर बाकावर बसतो आणि सहीसाठी दूरच्या भावाला निरोप जातो. याबाबत कायदा काय म्हणतो, हे आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे.

संमतीचा हक्क मुळात रुग्णाचा आहे. समीरा कोहली खटल्यात रुग्ण स्त्री भुलीखाली असताना बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले गेले. जिवावरचा प्रसंग नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ती संमती अमान्य ठरवली. म्हणजे सज्ञान व शुद्धीवरील रुग्णाची स्वतःची संमती हीच खरी. जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार असतील, तर डॉक्टर कोणाच्याही सहीवाचून ते करू शकतात.

प्रश्न उरतो तो शुद्ध हरपल्यानंतरचा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. जीवनाधार काढण्याचा निर्णय आईवडील, पती-पत्नी वा जवळचे नातेवाईक घेतील आणि ते नसल्यास निकटचा हितचिंतक घेईल, असे २०११ च्या निकालात सांगितले गेले. अरुणाताईंसाठी हा मान त्यांची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना मिळाला. सेवेचे नाते न्यायालयाने मानले. पण तेही खटला उभा राहिल्यावर.

सामान्य माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणे परवडत नाही. त्याने धडधाकट असतानाच कागद करून ठेवावा. २०१८ साली मान्य झालेले वैद्यकीय इच्छापत्र २०२३ मध्ये सोपे झाले. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे त्यात लिहावे व पालक म्हणून जोडीदाराचे नाव घालावे. एक प्रत त्याच्याजवळ, एक नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे द्यावी. मात्र हे इच्छापत्र अखेरच्या आजारापुरतेच आहे, हे ध्यानात ठेवावे.

मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने वेगळी सोय केली आहे. साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून कोणाही सज्ञान, राजी व्यक्तीला प्रतिनिधी नेमता येते. नात्याची अट नाही.

विद्यार्थी मित्रांनी हे आपल्या वाडी-वस्तीत समजावून सांगावे, एवढीच आमची विनंती.