पोटात लाल तो सोडलेला

२००६ ते २०१४ या काळात अमेरिकेतल्या ॲरिझोनात गुलाबी बोंडअळीविरुद्ध मोहीम चालली. विमानातून ११०० कोटींहून अधिक वंध्य पतंग कपाशीवर सोडले गेले. रानातली मादी वंध्य नराशी जुळली की तिची अंडी उबत नाहीत. पण सापळ्यात पडलेला पतंग सोडलेला की रानातला, हे कसे ओळखायचे? भर हंगामातला दिवस साधारण असा जाई.

पहाटे ५ : फिनिक्सच्या पैदास केंद्रात गॅमा किरणांनी वंध्य केलेले पतंग थंडीने निपचित असतात. त्याच अवस्थेत ते विमानात चढवले जातात.

सकाळी ७ : ऊन चढण्याआधी शेतात. कामगंध सापळ्यांत गॉसीप्लूर हे मादीच्या गंधाचे रसायन असते. त्याला फक्त नर भुलतात. चिकट तळ काढायचा, नवा बसवायचा, शेताचा क्रमांक लिहायचा.

सकाळी १० : केंद्रात अळ्यांचे खाद्य तयार होते. गव्हाचा अंकुर, सोयापीठ आणि तेलात विरघळणारा कॅल्को रेड हा रंग. अळी खाते, रंग तिच्या चरबीत साठतो. कोष झाला, पतंग उडाला, तरी तो आत राहतो. अंगावर भुकटी टाकली तर झडते. हा झडत नाही.

दुपारी १ : बाहेर चाळिशीपार पारा, आत तपासणी. चिकटातून जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा करडा पतंग चिमट्याने सोडवायचा, पोट पांढऱ्या कागदावर दाबायचे. लालसर डाग उमटला तर तो सोडलेला. लाली नसेल तर रानातला. डाग फिका वाटला, तर दुसऱ्या तपासनिसाने पाहायचे. एका चुकीने रानटी पतंगांचा नकाशाच बदलतो.

दुपारी ४ : शेतनिहाय आकडे. लाल किती, रानटी किती. रानटी नर जिथे सापडला, तिथे जास्त वंध्य पतंग सोडायचे.

नुसत्या वंध्य पतंगांवर अळीचा नायनाट जमला नाही. बीटी कपाशी, गंधाचा वापर आणि वेळेत पीक मोडणे, सगळ्यांची जोड होती. ऑक्टोबर २०१८मध्ये अमेरिकेच्या कपाशीतून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. त्याआधीच्याच वर्षी, २०१७मध्ये, विदर्भ-मराठवाड्यात तिने बीटी कपाशीची बोंडे पोखरली होती.

आपल्याकडे वंध्य पतंग सोडत नाहीत, म्हणून आपल्या सापळ्यात पडणारा प्रत्येक पतंग रानातलाच. त्याला रंगाची परीक्षा नको, मोजणी हवी. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग आले, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजा आणि उपाय करा. आणि हंगाम संपल्यावर फरदड, म्हणजे त्याच झाडांचे पुढचे पीक, ठेवू नका.