पॅरिसच्या सां-सुल्पिस चर्चमधील दोन ऑर्गन

‘ऑर्गन’ म्हटले की मराठी रसिकांना संगीत नाटकातील ऑर्गन आठवतो. पायांनी भाता चालवायचा, बोटांनी पट्ट्या दाबायच्या आणि आतील धातूच्या जिभल्यांतून सूर उमटवायचे, अशी त्याची रचना असते. युरोपातील मोठ्या चर्चमधला पाइप ऑर्गन याहून वेगळा असतो. त्यात प्रत्येक सुरासाठी स्वतंत्र नळी असते. काही नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात, तर काहींत सनईप्रमाणे जिभली थरथरते. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. बत्तीस फुटी नळीतून सेकंदाला सुमारे १६ कंपने निघतात. तो सूर कानांपेक्षा शरीरालाच अधिक जाणवतो.

या वाद्याचे उपासनेतील स्थान समजून घेण्यासाठी पॅरिस शहरातील सां-सुल्पिस या चर्चचे उदाहरण उद्बोधक आहे. हे कॅथेड्रल नाही. ते एक धर्मग्राम चर्च आहे. सध्याच्या वास्तूचे बांधकाम १६४६ साली सुरू झाले. येथे दोन पाइप ऑर्गन आहेत. एक लहान, वेदीजवळ गायनवृंदाच्या शेजारी. दुसरा प्रचंड, मुख्य दरवाजाच्या वरील सज्जात.

एकाच चर्चला दोन ऑर्गन कशासाठी? याचे उत्तर वास्तूच्या लांबीत आहे. सां-सुल्पिसची लांबी शंभर मीटरहून अधिक आहे. एवढे अंतर कापण्यास आवाजाला सेकंदाचा सुमारे एक तृतीयांश भाग लागतो. वेदीपाशी गाणाऱ्यांना मागच्या सज्जातून साथ केली, तर सूर व शब्द यांचा मेळ बसणार नाही. म्हणून गायनाला आधार देण्याचे काम लहान ऑर्गन करतो, तर मोठा ऑर्गन प्रवेशाच्या वेळी, अर्पणाच्या वेळी आणि मिस्साच्या अखेरीस एकट्याने बोलतो. कधी गायनवृंदाने एक कडवे गावे आणि मोठ्या ऑर्गनने त्याला उत्तर द्यावे, अशीही फ्रान्समधील जुनी परंपरा आहे.

मोठा ऑर्गन प्रथम १७८१ साली फ्रांस्वा-आंरी क्लिको या कारागिराने उभारला. पुढे १८६२ साली आरिस्तीद काव्हाये-कोल याने त्याची पुनर्रचना पूर्ण केली. हातांसाठी पट्ट्यांच्या पाच ओळी, पायांसाठी स्वतंत्र पट्ट्या, आवाजाचे शंभर प्रकार आणि सहा हजारांहून अधिक नळ्या, असा त्याचा विस्तार. विशेष म्हणजे त्याने क्लिकोच्या जुन्या नळ्या टाकून दिल्या नाहीत. त्यांतील अनेक नव्या रचनेत सामावून घेतल्या. एवढ्या मोठ्या यंत्राच्या पट्ट्या बोटांना जड जाऊ नयेत म्हणून चार्ल्स बार्कर या इंग्रज तंत्रज्ञाची युक्ती वापरण्यात आली. पट्टी दाबताच एक छोटा भाता फुगतो आणि झडपा उघडण्याचे कष्ट तोच उचलतो. म्हणजे वारा केवळ गातच नाही, वादकाला हातभारही लावतो!

शार्ल-मारी विडोर यांची १८७० साली येथे तात्पुरती नेमणूक झाली. ते १९३३ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे ६४ वर्षे, येथेच सेवा करीत राहिले. त्यांच्या पाचव्या सिम्फनीतील अखेरची ‘टोकाटा’ आज जगभर विवाहाच्या मिस्सानंतर वाजवली जाते. त्यांच्यानंतर मार्सेल द्युप्रे यांनी १९३४ ते १९७१ अशी सेवा केली. ३० मे १९७१ रोजी पेंटेकॉस्टच्या रविवारी सकाळी मिस्साला वाजवून ते घरी गेले आणि त्याच दिवशी प्रभूच्या भेटीस गेले.

या दोघांच्या शंभर वर्षांत अनेक चर्चमधील जुने ऑर्गन काळाच्या आवडीनुसार बदलले गेले. सां-सुल्पिसचा ऑर्गन मात्र बव्हंशी मूळ स्वरूपात टिकला, कारण वादकांनी स्वतःला त्याचे मालक न मानता राखणदार मानले. १९९१ साली त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, तोही मूळ रूप जपूनच. एप्रिल २०१९ मध्ये आगीने नोत्र-दाम कॅथेड्रलचे दरवाजे बंद झाले, तेव्हा धर्मप्रांताचे अनेक मोठे विधी सां-सुल्पिसमध्ये पार पडले. जतन करून ठेवलेले वाद्य त्या दुःखाच्या दिवसांत अवघ्या धर्मप्रांताच्या उपयोगी पडले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली पाइप ऑर्गनचा गौरव केला. त्याचबरोबर स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर योग्य वाद्यांनाही उपासनेत स्थान दिले. आपल्या चर्चमधील पेटी आणि तबला यांचे स्थान त्यामुळे उपरे नाही. मात्र वाद्य कोणतेही असो, ते उपासनेचे सेवक असते. म्हणूनच प्रायश्चित्तकाळात, काही सण वगळता, ऑर्गनने केवळ गायनाला आधार द्यावा, एरवी मौन पाळावे असा नियम आहे. हे मौन असते, म्हणूनच ईस्टर जागरणाच्या गौरवगीतात त्याचा नाद हृदयाला भिडतो.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १३ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतील रेगेन्सबर्ग येथे एका ऑर्गनला आशीर्वाद देताना समाजाची तुलना या वाद्याशी केली होती. एखादी नळी बेसूर झाली तर आधी ती जाणकारांनाच कळते. पण दुर्लक्ष केल्यास सारेच वाद्य बिघडते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. धर्मग्रामाचेही तसेच नाही का? कोणी बत्तीस फुटी नळी असतो, तर कोणी बोटभर लांबीची. दोघांतून वाहणारा श्वास मात्र एकच असतो. आपल्या गायनवृंदात पेटी वाजवणारे, गाणारे आणि दर आठवड्यास सरावाला वेळेवर येणारे जे कोणी आहेत, त्यांच्या सेवेकडे आपण याच दृष्टीने पाहावे आणि त्यांना आपल्या आवाजाचीही जोड द्यावी.