सागरतीरीचा मुका सोबती

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की देशावरची कित्येक कुटुंबे कोकणची वाट धरतात. गुहागर, हर्णै, वेंगुर्ले येथील विस्तीर्ण पुळणी लहानथोरांस सारख्याच साद घालतात. घरी पाळलेला कुत्रा असला, म्हणजे मुले त्यालाही बरोबर नेण्याचा हट्ट धरतात. हा हट्ट वावगा नव्हे. धन्याच्या सहवासाहून प्रिय असे कुत्र्याला दुसरे काय असणार? परंतु माणसे समुद्रावर जातात ती स्वतःच्या इच्छेने. कुत्रा जातो तो केवळ धन्यावरील विश्वासाने. ऊन सोसवेनासे झाले, तरी तो बोलून दाखवू शकत नाही. उलट, धनी पुढे चालला आहे तोवर तोही तापल्या वाळूतून मुकाट्याने मागे येत राहतो. म्हणून त्याच्या सुखदुःखाचा विचार त्याच्या धन्यानेच आधी करावयास हवा.

समुद्रतीरी कुत्र्याचा पहिला शत्रू पाणी नसून ऊन होय. मनुष्याच्या सर्वांगास घाम येतो आणि तो वाळताना देह निवतो. कुत्र्यास ही सोय नाही. त्याला घाम येतो तो तळपायांना, आणि तोही अगदी थोडा. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेतो. त्यामुळे तोंडातील ओलावा वाफेच्या रूपाने उडून जातो व त्याचा देह थंड होतो. परंतु कोकणची हवा दमट असते. जी हवा आधीच बाष्पाने भरलेली आहे, तिच्यात हा ओलावा लवकर उडत नाही. कुत्रा धापा टाकीत राहतो आणि त्याचे अंग तापतच जाते. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर श्वास घेणेच मुळात कष्टाचे असते. त्यांस अशा वेळी विशेष जपावे लागते.

हा धोका वाटेतच सुरू होतो. घाट उतरल्यावर मंडळी जेवणासाठी थांबतात आणि कुत्र्याला मोटारीत कोंडून ठेवतात. ही चूक प्राणघातक ठरू शकते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असले, तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील हवा अर्ध्या तासात ४५ अंशांच्या वर जाऊ शकते. काचा थोड्या उघड्या ठेवल्यानेही फारसा फरक पडत नाही. यास्तव एकाने तरी कुत्र्यास घेऊन बाहेर सावलीत बसावे हे बरे.

किनाऱ्यावर फिरण्यास सकाळची व सायंकाळची वेळ उत्तम. दुपारची वाळू भट्टीसारखी तापते आणि कुत्र्याच्या पायांत वहाणा नसतात. वाळू कितपत तापली आहे हे पाहावयाचे असेल, तर तळहाताची मागची बाजू तिच्यावर सुमारे ७ सेकंद टेकवावी. ज्या वाळूवर आपला हात ठरत नाही, तिच्यावर कुत्र्याला चालवू नये.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांच्या वर गेले, की त्याच्या जिवास धोका निर्माण होतो. धाप न थांबणे, घट्ट लाळ गळणे, हिरड्या लालभडक होणे, चालताना झोकांड्या जाणे, ही उष्माघाताची लक्षणे होत. ती दिसताच कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि विलंब न लावता पशुवैद्याकडे न्यावे.

आता समुद्राविषयी. सर्वच कुत्री चांगली पोहतात, हा समज खरा नव्हे. आखूड पायांची व चपट्या नाकाची कुत्री लवकर दमतात. आणि परतणाऱ्या लाटेची ओढ तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. म्हणून कुत्र्याचा पट्टा लांब दोरीस बांधून त्याला उथळ पाण्यातच खेळू द्यावे. भरती-ओहोटीच्या वेळा गावातील कोळ्यांना विचारून घ्याव्यात. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल ज्या वेळी पुळण कोरडी होती, त्या वेळी आठवड्याने ती पाण्याखाली असू शकते.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तहानलेला कुत्रा ते पाणी पितो आणि त्याची तहान भागण्याऐवजी वाढते. मग उलट्या व जुलाब होतात, आणि पाणी फार प्यायल्यास झटकेही येतात. म्हणून गोड्या पाण्याची बाटली व एक वाडगा सदैव जवळ असावा आणि त्याने मागण्याची वाट न पाहता त्याला पाणी पाजावे.

वाळूवर पडलेली प्रत्येक वस्तू हुंगून पाहणे हा कुत्र्याचा स्वभावच. रापण ओढल्यावर कोळी कामाचे मासे निवडतात आणि केंड मासा फेकून देतात, कारण तो विषारी असतो. हे विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उताराही नाही. त्याने श्वास बंद पडतो. मेलेल्या जेलीफिशचे तंतूही दंश करू शकतात. तुटके गळ, जाळ्यांचे तुकडे, डांबराचे गोळे यांपासूनही त्याला दूर ठेवावे. परतल्यावर त्याला गोड्या पाण्याने अंघोळ घालावी, कान कोरडे करावेत आणि पायांची बोटे नीट पाहावीत.

किनारा हे माणसांचे सहलीचे ठिकाण खरे. पण त्याआधी ते अनेक जिवांचे घर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले यांसारख्या ठिकाणी हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालतात. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. कुत्र्याच्या नाकाला त्यांचा वास लागला, की क्षणार्धात घरटे उकरले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण दिले आहे. परंतु कुत्र्याला कायदा कळत नाही, तो त्याच्या धन्याला कळला पाहिजे. अशा किनाऱ्यावर कुत्रा दोरीवाचून सोडू नये. त्याने केलेली घाण उचलावी, आणि निघण्यापूर्वी त्याला पिसाळरोगाची प्रतिबंधक लस टोचलेली असावी, हेही ओघानेच आले.

एवढी काळजी घेतली, म्हणजे सहलीचा आनंद उणा होत नाही. तो सर्वांचा होतो. सूर्य मावळतो, गार वारा सुटतो, दिवसभर लाटांशी खेळून दमलेला कुत्रा धन्याच्या पायांशी अंग टाकतो आणि निःशंक मनाने झोपी जातो. ही निःशंकता म्हणजे त्याने माणसावर टाकलेला विश्वास होय. तो विश्वास राखणे हे कुत्रा पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.